दोन किलो पुढे

"भावजी, पोट बिघडलंय का?"

दाराबाहेरून धाकट्या मेहुणीचा आवाज आला आणि काटेकाकांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर निसटून टणकन बादलीत पडला. काका बाथरूमच्या फरशीवर मांडी घालून बसले होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि मांडीवर साडूचा वजनकाटा पालथा, त्याचं पोट उघडलेलं.

"नाही! म्हणजे हो. थोडंसं."

"अर्धा तास झाला. आवाज कसला आला?"

"बादलीला पाय लागला."

"सावकाश होऊ द्या. लाजू नका, घरचंच आहे. ताई, अगं भावजींचं खरंच बिघडलंय गं! त्यांच्यापुरता मऊ भात टाकते."

काकांनी डोळे मिटून घेतले. बाहेर ओव्हनमध्ये अख्खी कोंबडी भाजत होती, तिच्या अंगाखांद्यावर लोणी, शेजारी बटाटे. आल्या आल्या त्यांनी तो वास छातीभर ओढून घेतला होता. पण आता माघार घेण्यात अर्थ नव्हता. एका हाताने स्प्रिंग दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने आतला बारका स्क्रू पाव फेरा फिरवला. फक्त पाव. शून्य शून्यावरच राहिलं. नुसता ठेवलेला काटा बघून भल्याभल्यांना काही कळलं नसतं. पण ऐंशी किलोचा माणूस वर चढला की काटा दोन किलो पुढे पळणार होता.

हे काम इतकं सफाईदार झालं की क्षणभर काकांना स्वतःचं कौतुकच वाटलं. मग तळाची पट्टी बसवली, काटा जागेवर ठेवला आणि फ्लश उगाचच दोनदा ओढला.

काटेकाका वजनकाटे दुरुस्त करायचे. तीस वर्षं. धान्याच्या दुकानातला, खाटकाचा, पोस्टातला, दवाखान्यातला, भंगारवाल्याकडचा ट्रकएवढा, सगळे काटे त्यांच्या हाताखालून गेलेले. काम झालं की आतल्या स्क्रूच्या डोक्यावर ते हिरव्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे. नेलपॉलिश काकूंचं. लग्नानंतर हौसेनं घेतलेलं आणि एकदा लावून "पोपट चावल्यासारखं दिसतंय" म्हणून टाकून दिलेलं. ती बाटली काकांनी खिशात घातली, आणि संपली की तसलीच नवी. ठिपका तुटलेला असला की समजायचं, मागाहून कुणीतरी हात घातलाय. बाजारात दुकानदार गिऱ्हाईकाला छाती पुढे काढून सांगायचे, "काकांच्या ठिपक्याचा काटा आहे, बोला आता!" पुढे कुणी काही बोलायचं नाही.

अशा माणसावर साडूच्या बाथरूममध्ये चोरासारखं बसायची वेळ का आली? तर चार किलोमुळे.

साडू टेलर होता. काकूंच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दोघंही साडू अंगाने भरभक्कम, पण काका ब्याण्णव आणि टेलर शहाण्णव. हे अंतर सव्वीस वर्षं टिकलं होतं. कुठल्याही घरगुती जमावात दोघं एकाच सोफ्यावर बसायचे, सोफा कण्हायचा, आणि लोक म्हणायचे, "टेलर, जरा सांभाळून." काकांना कुणी काही म्हणायचं नाही. जगात इतकी माणसं, पण काका बारीक होते ते या एकाच माणसाच्या तुलनेत, आणि तेवढ्यावर त्यांचं छान चाललं होतं.

आठ महिन्यांपूर्वी टेलरने अचानक ताट अर्धं केलं. साखर सोडली. संध्याकाळी सातनंतर तोंडाला कुलूप. सकाळी उठून नदीकाठाने तासभर चालायला लागला. काका मनात म्हणाले, आठवडाभर टिकेल. मग म्हणाले, महिनाभर. मग काही म्हणायचे बंद झाले. टेलर शहाण्णवचा नव्वद झाला, नव्वदचा पंच्याऐंशी, आणि मागच्या सोमवारी ऐंशी. त्याच्या हनुवटीखाली चक्क गळा निघाला. सव्वीस वर्षांत तो कुणी पाहिला नव्हता, त्याच्या बायकोनेसुद्धा. स्वतःच्या पँटी स्वतःच आत घेत तो शिवणयंत्रावर शीळ वाजवायचा.

आणि काकू त्याच्याकडे बघायच्या.

हे खरं दुखणं. त्या रविवारीही टेबलावर कोंबडी आली, केक आला. टेलरने ताटात कोंबडीचा एक तुकडा घेतला, काकडीचा ढीग घेतला आणि एकेक घास सावकाश चावत बसला. काकांच्या पुढ्यात मऊ भाताची वाटी आली, वर उकडलेला बटाटा. म्हणजे त्या दिवशी दोन्ही साडूंनी सारखंच अर्धपोटी जेवण केलं. एकाचं कौतुक झालं, एकाची कीव.

"बघा," काकू काकांना म्हणाल्या, "किती शांतपणे जेवतात ते. घासाला तीस वेळा चावतात."

"मोजतेस काय तू?" काका म्हणाले.

"दिसतं की."

"दादा," टेलर म्हणाला, "खरं सांगू? सगळा खेळ ताटात आहे. चालणं वगैरे नंतर."

"खुळा आहेस. घाम गाळला की काहीही खाल्लेलं चालतं. हमाल बघ. काय खातात, आणि पोट आहे का?"

"तू हमाली करतोस?"

धाकटी खळखळून हसली. काकूही हसल्या. काकांनी बटाट्याकडे असं बघितलं, की बिचारा बटाटा आणखी मऊ पडला असेल.

*

टेलर दर सोमवारी सकाळी वजन करायचा आणि आकडा सगळ्यांना फोनवर सांगायचा. त्या सोमवारी काका दात घासता घासता फोनजवळ घुटमळत होते.

"ब्याऐंशी!" टेलरचा आवाज रडवेला होता. "दादा, दोन किलो वाढलो! काय खाल्लं मी? तुझ्यासमोरच जेवलो ना?"

"केक," काका गंभीरपणे म्हणाले.

"अरे चमचाभर!"

"चमचासुद्धा पुरतो. शरीर आहे. आता वय झालं आपलं, फार मनाला लावून घेऊ नकोस. पहिल्यासारखा जेवत जा."

फोन ठेवून काकांनी दोन अंडी जास्त खाल्ली. आता हा हिरमुसणार, मग बिस्किटाला हात घालणार, मग पावाला, आणि सहा महिन्यांत सोफा परत पूर्वीसारखा कण्हायला लागणार, असा त्यांचा हिशेब होता.

पण टेलर ही वेगळीच जात असते. कापड चुकलं तर तो फेकत नाही, उसवून परत शिवतो. त्याने पाव सोडला. बटाटा सोडला. दुपारी दुकान अर्धा तास बंद ठेवून तो दोरीवरच्या उड्या मारू लागला. पहिल्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या म्हातारीने भूकंप झाला म्हणून जिन्यात धाव घेतली. पण टेलर थांबला नाही. पुढच्या सोमवारी त्याच्या काट्यावर ऐंशी. म्हणजे खरे अठ्ठ्याहत्तर. हे खरं वजन जगात एकट्या काकांना ठाऊक होतं आणि ते कुणाला सांगताही येत नव्हतं. आपणच साडूला चाबूक मारून पळवतोय आणि तो घोड्यासारखा पळतोय, हे बघून त्यांना झोप येईना.

मग काकांनीही व्यायाम सुरू केला. घाम गाळायचा, ताट तेच. त्यांच्याकडे गावातला सगळ्यात अचूक काटा होता, त्यामुळे ते दिवसातून अकरा वेळा वजन करायला लागले. तासभर चालून आल्यावर तीनशे ग्रॅम कमी. काका खूश! दोन ग्लास पाणी प्यायल्यावर चारशे ग्रॅम जास्त. केस कापायच्या आधी आणि नंतर: फरक चाळीस ग्रॅम. नखं काढल्यावर काटा हललाच नाही, तेव्हा त्यांना काट्याचा संशय आला. एकदा चालून येताना बेकरीवाल्याने हाक मारली, "काका, काटा जरा अडकतोय," म्हणून ते आत गेले. काटा अडकत नव्हता. क्रीमचा बन ताजा होता. चाचणी म्हणून एक काट्यावर ठेवला: एकशे वीस ग्रॅम. खाल्ला. मग वाटलं, एका वजनावर काटा तपासणं धंद्याला शोभत नाही. दुसरा ठेवला.

महिन्याच्या शेवटी: ब्याण्णव किलो चारशे.

त्यातून काकूंनी बॉम्ब टाकला. "उद्यापासून मीपण जाणारेय. धाकटीबरोबर. नदीकाठाने."

"कोण कोण असतं?"

"धाकटी, तिचे हे, आणि मी."

"म्हणजे तो असतो."

"त्यांचाच तर क्लास आहे तो! कसं चालायचं, श्वास कसा घ्यायचा, सगळं सांगतात."

"चालायला शिकवतो? वर्षाचं पोरसुद्धा चालतं!"

"तुम्हीही या मग. अडवलंय कुणी?"

काका हट्टाने एका सकाळी गेलेच. टेलर पांढरेशुभ्र बूट घालून पुढे, बहिणी मागे गप्पा मारत. काकांनी वीस पावलांत ठरवलं की याला मागे टाकायचं. ते झपझप पुढे निघाले. टेलरला वाटलं दादाला हुरूप आलाय, म्हणून तोही जोरात. टेकडीवर पाण्याच्या टाकीपर्यंत एकशे बारा पायऱ्या होत्या. काका त्यातल्या पंच्याण्णव चढले. शहाण्णवाव्या पायरीवर त्यांच्या पोटरीत असा गोळा आला की ते तिथेच बसले आणि "आई गं" म्हणून ओरडले. टेलर वरून खाली आला, त्यांचा पाय मांडीवर घेऊन चोळू लागला. काकूंना वर यायला वेळ लागला. आल्या तेव्हा त्यांना दिसलं ते असं: नवरा लालबुंद होऊन पडलाय, आणि त्याचा साडू जराही धाप न लागता त्याची पोटरी चोळतोय.

"वा!" काकू टेलरला म्हणाल्या. "तुम्हाला दमच लागला नाही!"

नवऱ्याबद्दल त्या काही बोलल्या असतील, तर ते काकांना तरी ऐकू आलं नाही. काकांना शेवटी भाजीवाल्याच्या हातगाडीवर बसवून घरी आणलं. गाडीवरचा काटा त्यांच्याच ठिपक्याचा होता. भाजीवाला वाटभर ज्याला त्याला अभिमानाने सांगत होता, "काका आहेत! आज माझ्या गाडीवर!"

*

पुढच्या आठवड्यात काकू दुकानात बसून तेलाच्या फडक्याने वजनं पुसत होत्या. हे काम त्यांचंच. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून त्या दुपारी दुकानात यायच्या आणि काट्यातलं त्यांना काकांइतकंच कळायचं. तेवढ्यात टेलर आला. बगलेत पिशवी, पिशवीत काटा.

"दादा, तू हा बघ. माझं डोकं फिरायची वेळ आलीय. टेप म्हणते कंबर दोन इंच आत. पँटी म्हणतात आत. काटा ऐकत नाही. आता मी टेलर माणूस, टेपवर विश्वास ठेवणार ना?"

"ठेव. उद्या बघतो," काका म्हणाले.

"उद्या नाही. आत्ता."

"तुम्ही थांबा, मी उघडते," काकू म्हणाल्या. काकांचा हात पुढे यायच्या आत त्यांनी काटा पालथा केला, चार स्क्रू काढले, पट्टी उचलली. आणि थांबल्या.

आतल्या बारक्या स्क्रूच्या डोक्यावर हिरवा ठिपका होता.

काकांनी तो बघितला आणि त्यांचा हात आपसूक खिशातल्या बाटलीकडे गेला. त्या दिवशी बाथरूममध्ये सगळं सांभाळलं होतं, दार, बादली, फ्लश. पण काम संपलं की हात खिशात जातात, बाटली निघते, ठिपका दिला जातो. तीस वर्षांची सवय. चोरी करून चोराने खाली सही करून ठेवावी, तसं झालं होतं. कधी केलं ते त्यांना आठवतही नव्हतं.

काकूंनी ठिपक्याकडे बघितलं. मग नवऱ्याकडे. हा काटा दुकानात कधी आलेला नव्हता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. फडकं हातात धरून फक्त वाट बघत राहिल्या.

"काय झालं?" टेलर म्हणाला. "सांगा ना कुणीतरी."

"स्प्रिंग थकलीय," काका म्हणाले. "जुनी झाली की... पुढे दाखवते."

"किती पुढे?"

"दोन किलो."

"नुसतं बघून कळलं? न तपासता?" टेलरने काकूंकडे वळून टाळी वाजवली. "याला म्हणतात अनुभव! म्हणजे मी इतके दिवस... थांब, थांब!" तो उडी मारून दुकानातल्या मोठ्या काट्यावर चढला. काटा थरथरला आणि थांबला. शहात्तर आठशे.

टेलरने हर्षाने एक किंकाळी फोडली, खाली उतरून काकांना कवळलं, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि नाचत बाहेर पडला. रस्त्यावरून त्याचा आवाज येत राहिला, "शहात्तर! आमच्या दादाने सांगितलं! शहात्तर!"

काकूंनी उघडा काटा काकांपुढे सरकवला.

"स्प्रिंग थकलीय," काकू म्हणाल्या.

काका पट्टी परत बसवायला लागले.

"पोट बिघडलं होतं ना त्या रविवारी?"

"अगं..."

"मी माझ्या बहिणीला सांगत होते, त्यांना थोडं लिंबूपाणी दे म्हणून. आणि तुम्ही आत बसून हे करत होता."

"तू सारखी त्याच्याकडे बघत होतीस," काका अचानक मोठ्याने म्हणाले. "घासाला तीस वेळा चावतात म्हणे! माझे कधी मोजलेस? तीस वर्षं समोर बसून जेवतोय, एक घास मोजला नाहीस माझा!"

"मी केककडेपण बघत होते. तिथेपण काही केलंत का?"

काकूंनी फडक्याची घडी केली. परत उलगडली. मग हळू आवाजात विचारलं, "घरातला बरोबर आहे ना?"

"काय?"

"घरातला काटा. महिना होत आला मी चालतेय. पाय दुखतात, गुडघे दुखतात. सत्तरचे सत्तर. एक किलो हलत नाही. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय."

"तू चालून आल्यावर चहाबरोबर सहा-सहा बिस्किटं खातेस, म्हणून हलत नाही," काका म्हणाले.

हे शंभर टक्के खरं होतं. पण काही खऱ्या गोष्टी बोलायची एक वेळ असते, आणि ती ही नव्हती. काकूंचा चेहरा पाहून त्यांनी घाईने पुढे जोडलं, "त्याला मी हात लावलेला नाही. बरोबर आहे तो."

"खरं?"

या बाईला त्यांनी आजवर किती आकडे सांगितले असतील. धान्याचे, भाजीचे, मुलगी झाली तेव्हा तिचे दोन किलो नऊशे. कधी कुठल्या आकड्यापुढे तिने 'खरं?' म्हणून विचारलं नव्हतं.

"खरं," ते म्हणाले. स्वतःच्याच कानाला तो आवाज खोटा वाटला.

"आधी त्यांना जाऊन सांगा," काकू म्हणाल्या आणि वजनं फळीवर लावायला लागल्या, लहानापासून मोठ्याकडे.

*

टेलरच्या दुकानात एक लठ्ठ वकील हात पसरून उभे होते आणि टेलर तोंडात टाचण्या धरून त्यांच्या कोटाला टाचत होता. काकांनी ठरवलं होतं की एकांतात सांगायचं. पण वकील जाईपर्यंत धीर टिकेल याची खात्री नव्हती, म्हणून त्यांनी दारातूनच सांगून टाकलं.

"स्प्रिंग थकली नव्हती. मीच पुढे केला होता. दोन किलो."

"अँ?" टाचण्यांमधून टेलर म्हणाला.

"तुझ्या बाथरूममध्ये बसून. तू बारीक होत होतास ते मला बघवत नव्हतं."

टेलरने एकेक टाचणी तोंडातून काढली. आता हा कात्री फेकतो की काय म्हणून काका अर्धं पाऊल मागे सरकले. वकीलसाहेब हात पसरलेलेच.

"तू?" टेलर म्हणाला. "तू माझ्यावर जळलास?"

"हो."

"ठिपकेवाले काटेकाका? माझ्यावर?" टेलरचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "वकीलसाहेब, ऐकलंत? अहो लग्न झाल्यापासून ऐकतोय मी. भावजी तुमच्यापेक्षा चार किलो कमी आहेत, भावजींचा शब्द म्हणजे शब्द, भावजींसारखं वागा. उठता बसता भावजी! ताट अर्धं कशासाठी केलं मी? आणि हा माणूस माझ्यासाठी बाथरूमच्या फरशीवर बसला! अगं ए," त्याने आतल्या खोलीकडे हाक मारली, "बाहेर ये! दादा माझ्यावर जळतोय! त्याच्या तोंडून ऐक!"

काका शिव्या खायच्या तयारीने आले होते. शिव्या परवडल्या असत्या. टेलरने त्यांना खुर्ची दिली, बिनसाखरेचा चहा दिला, आणि ती गोष्ट धाकटीपुढे त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतली. बाथरूमचा भाग चार वेळा. धाकटी पदर तोंडाशी धरून हसत होती, पण काका निघताना ती "या हं भावजी" म्हणाली नाही. आत निघून गेली.

मग ते बाजारभर झालं. टेलरने काही वाईट हेतूने सांगितलं नाही. आनंद मावत नव्हता, म्हणून मापं घेता घेता सांगत सुटला. दोन दिवसांनी काका धान्याच्या दुकानात काटा तपासायला गेले, तर दुकानदार हसत म्हणाला, "काका, आमच्यावर काही राग नाही ना? नाही, आजकाल मीपण जरा बारीक झालोय." चार गिऱ्हाइकं हसली. काकाही हसले. ठिपका द्यायला त्यांनी बाटली काढली तेव्हा दुकानदार हसतच होता, पण वाकून बघत होता. आजवर तो कधी वाकला नव्हता.

घरी सगळं जिथल्या तिथे होतं. जेवण वेळेवर, कपडे धुतलेले. फक्त काकूंनी काट्यावर चढायचं सोडलं. चालायला जायच्या, बिस्किटंही बंद केली होती, ताटात भात निम्मा दिसायचा. पण आल्यावर काट्याला वळसा घालून आत जायच्या, दारात झोपलेल्या मांजराला वळसा घालावा तसा.

पुढच्या रविवारी काका उठले आणि दुकानात गेले. दुकान रस्त्यापलीकडे, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दुकानातली तपासणीची मोठी वजनं लोखंडी, प्रत्येकी वीस किलोची, वर धरायला कडी. काकांनी एक उचललं आणि जिना चढायला लागले. पहिल्या मजल्यावर टेकवलं, दुसऱ्यावर टेकवलं, तिसऱ्यावर दारात ठेवलं आणि परत खाली गेले. दुसरं आणलं. काकू स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मटार सोलत होत्या. त्यांनी बघितलं आणि पुढची शेंग सोलली.

तिसरं आणताना काकांचा शर्ट अंगाला चिकटला होता. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर दार उघडून म्हणाले, "काका, दुकान घरी हलवताय का?" काकांना उत्तर द्यायला श्वास नव्हता. चौथ्या खेपेला दहा किलोचं आणलं. मग ते स्वयंपाकघराच्या दाराशी, काकूंना तबकडी सरळ दिसेल असा काटा ठेवून, खाली गुडघ्यांवर बसले.

"वीस," म्हणाले आणि पहिलं वजन ठेवलं. तबकडी वीसवर थांबली.

"चाळीस."

"साठ."

मटाराचे दाणे वाटीत पडायचे थांबले होते.

"सत्तर," काका म्हणाले. काटा सत्तरवर उभा राहिला, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. काकांच्या कपाळावरून घामाचा एक थेंब टपकला तो दहा किलोच्या वजनावर पडला. त्यांनी तो बोटाने पुसला.

काकूंनी मटाराची वाटी खाली ठेवली.

"उतरवा," त्या म्हणाल्या.

काकांनी एकेक वजन उतरवलं आणि ते बाजूला झाले. आता ती चढेल असं त्यांना वाटलं. काकू चढल्या नाहीत.

"तुम्ही उभे राहा."

काका चढले. या काट्यावर ते कधी उभे राहिलेच नव्हते. स्वतःचं वजन ते दुकानातल्या मोठ्या काट्यावर करायचे, तिथे तबकडी डोळ्यांसमोर असते. इथे त्यांनी खाली बघितलं तर पोट दिसलं. पोटापलीकडे अंगठ्यांची टोकं. आकडा काही दिसेना. सगळ्या गावाची वजनं वाचणारा माणूस, पायाखालचा आकडा त्याला वाचता येत नव्हता.

काकू उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या. नीट निरखून बघितलं. मग सरळ झाल्या. चेहऱ्यावर हसू नव्हतं, रागही नव्हता.

"एकशे दोन," त्या म्हणाल्या.

सकाळी दुकानात ब्याण्णव चारशे भरले होते. त्यानंतर सत्तर किलो लोखंड तीन मजले वर आणलं, तो घाम वेगळाच. पोट जरा आत ओढून थोडं पुढे वाकलं असतं, तर कडेने आकडा दिसला असता.

काका वाकले नाहीत.

"बरं," ते म्हणाले, आणि हात सरळ खाली सोडून तसेच उभे राहिले.